पात्र आणि पात्रता : हवाई सेवेतील निवडपरीक्षेचा अभिनयदृष्ट्या विचार

१

आर्ली रसेल हॉकशिल्ड यांचा 'द मॅनेज्ड हार्ट' हा ग्रंथ १९८३ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्त्री समाजशास्त्रज्ञ आहेत. व्यवसायाचा भाग म्हणून माणसाला आपल्या भावना आवराव्या, घडवाव्या आणि दाखवाव्या लागतात, हे या ग्रंथाचे प्रतिपाद्य असून त्यासाठी निवडलेले मुख्य उदाहरण अमेरिकी विमानांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आहे. 'भावनिक श्रम' ही संज्ञा या ग्रंथामुळे रूढ झाली आणि समाजशास्त्रात तिचा विस्तार पुष्कळ झाला. नाट्याच्या अभ्यासकाने या ग्रंथाकडे वळावे याचे कारण मात्र निराळे आहे. ज्या दोन कल्पनांवर ग्रंथाची सारी उभारणी झाली आहे, त्या दोन्ही रंगभूमीवरून घेतलेल्या आहेत. मनात नसलेली भावना केवळ चेहऱ्यावर आणणे हा वरवरचा अभिनय; आणि ती भावना मनातच जागवून तिला चेहऱ्यावर येऊ देणे हा अंतःस्थ अभिनय. यांपैकी दुसरी कल्पना स्तानिस्लाव्स्कीच्या अभिनयपद्धतीवरून घेतल्याचे हॉकशिल्ड यांनी स्पष्टपणे सांगितले आहे. एका शास्त्राने दुसऱ्या शास्त्राकडून भांडवल उसने घेतले असता मूळ धन्याने त्याचा विनियोग कसा झाला हे कधीतरी तपासून पाहावे, हे न्याय्यच होय.

ही तपासणी संपूर्ण ग्रंथाची करण्याचे येथे प्रयोजन नाही. सहाव्या प्रकरणात नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांची निवड कशी होते याचे जे विवेचन आले आहे, तेवढ्यापुरताच प्रस्तुत विचार मर्यादित आहे. हे विवेचन ग्रंथात थोडक्या पृष्ठांत आटोपलेले असून पुढील प्रशिक्षणाच्या वर्णनाची ती केवळ प्रस्तावना असावी असे वाटते. वस्तुतः ग्रंथातील मूळ प्रश्नाची गाठ तेथेच आहे, आणि ती सुटली नसल्यामुळेच पुढील सिद्धान्तात एक उणीव राहून गेली आहे.

२

पॅन अमेरिकन या विमान कंपनीत झालेल्या एका सामूहिक मुलाखतीचा प्रसंग हॉकशिल्ड यांनी प्रत्यक्ष पाहून नोंदविला आहे. मुलाखत घेणारी स्त्री सहा उमेदवारांना आत बोलावते. तीन पुरुष, तीन स्त्रिया. आपण तुमचे कागद पाहून घेत आहो, तोवर तीनचार मिनिटे शेजारच्याशी ओळख करून घ्या, असे ती त्यांना हसून सांगते. तत्काळ सहाही जण उत्साहाने बोलू लागतात. माना डोलतात, हास्याच्या लहरी उठतात. ओळख करून घेणे हे निमित्त होते आणि खरी परीक्षा त्या उत्साहाचीच होती, हे वाचकाच्या लवकरच ध्यानात येते. उमेदवारांच्या ध्यानात ते त्याहूनही आधी आलेले असते. त्यांना कोणीही 'उत्साह दाखवा' असे सांगितलेले नव्हते. न सांगितलेली आज्ञा त्यांनी ओळखली आणि क्षणात पाळली.

हा प्रसंग जुना असला तरी त्याची रीत जुनी झालेली नाही. आज आखाती देशांतील विमान कंपन्या जगभरच्या शहरांतून, अनेकदा एखाद्या हॉटेलच्या सभागृहात, ज्या निवडपरीक्षा घेतात आणि ज्यांना 'असेसमेंट डे' या नावाने सारे उमेदवार ओळखतात, त्यांचा साचा याच प्रसंगाचा विस्तार म्हणता येईल. आरंभी कंपनीची माहिती, मग हात किती उंच पोहोचतो याचे मोजमाप, मग गटात बसून एखाद्या कल्पित अडचणीवर चर्चा, इंग्रजीची चाचणी, आणि शेवटी उरलेल्यांची स्वतंत्र मुलाखत. प्रत्येक टप्प्यानंतर काही जणांना परत पाठविले जाते व उरलेले पुढच्या टप्प्याची वाट पाहत बसतात. गटचर्चेत अडचणीचे उत्तर काय निघाले याला फारसे महत्त्व नसते. कोण दुसऱ्याचे ऐकून घेतो, कोण मागे राहिलेल्याला बोलते करतो, विरोध करतानाही कोणाचा चेहरा प्रसन्न राहतो, हे पाहिले जाते. अशा दिवसाला वाट पाहण्याचा वेळ असा खऱ्या अर्थाने उरतच नाही. आपण केव्हा पाहिले जात आहो हे उमेदवाराला ठाऊक नसल्यामुळे तो सर्व वेळ आपण पाहिले जात आहो असेच धरून चालतो.

हॉकशिल्ड यांच्या सूक्ष्म निरीक्षणाचे श्रेय येथे मान्य केलेच पाहिजे. आपली प्रतिमा कशी उभी करावी याविषयीच्या सूचना घेण्याची कुवत पाहून उमेदवारांची निवड होते आणि अभिनयाचे प्रयास दिसू न देता अभिनय करू शकणाराच येथे निवडला जातो, असा अभिप्राय त्यांनी दिला आहे. तथापि हा अभिप्राय देऊन त्या पुढे जातात. डेल्टा या कंपनीच्या प्रशिक्षणकेंद्रात, विमान म्हणजे आपल्या घराची बैठक आणि प्रवासी म्हणजे घरी आलेले पाहुणे असे समजावे, ही शिकवण कशी दिली जाते आणि तिच्यामुळे कर्मचाऱ्याचे स्वतःच्या भावनेशी असलेले नाते कसे बिघडते, याकडे त्यांचा सारा ओघ वळतो. भावना विकली गेली, आणि विकली गेल्यामुळे ती विकणाऱ्याला परकी झाली, हा त्यांचा निष्कर्ष. परंतु ज्या माणसाला प्रयास लपविता येतो म्हणूनच निवडले गेले, त्याच्याकडे एक विद्या होती. तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्यांच्या विवेचनात अनुत्तरित राहतो.

३

या प्रश्नाच्या उत्तरासाठी भरताच्या नाट्यशास्त्राकडे वळणे उपयुक्त ठरते. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले. हॉकशिल्ड ज्याला वरवरचा अभिनय म्हणतात, तो पहिल्या तिहींत येतो : अंगविक्षेप, वाणी, आणि वेषभूषा. अंतःस्थ अभिनयाचे नाते सात्त्विकाशी आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे जे आठ सात्त्विक भाव सांगितले जातात, ते नुसत्या हातवाऱ्यांनी साधत नाहीत. ज्याला दुःख झालेले नाही त्याने दुःखाचे अश्रू कसे आणावेत, अशी शंका नाट्यशास्त्रातच उपस्थित केलेली असून, सत्त्व हे मनापासून उत्पन्न होते आणि मन एकाग्र झाल्याने ते सिद्ध होते, असे तिचे समाधान केलेले आहे.

या समाधानातील मर्म असे की, सत्त्व हा नटाचा स्वभाव नव्हे; ती सिद्धी आहे. एकाग्रतेच्या श्रमाने ती मिळते, आणि ज्या अभिनयात सत्त्वाचे आधिक्य असते त्याला भरताने ज्येष्ठ मानले आहे. म्हणजे ज्या व्यापारात हॉकशिल्ड यांना माणसाची सर्वांत खोल हानी दिसते, नेमक्या त्याच व्यापारात भरताला नटाच्या कलेची परिसीमा दिसते. ही तफावत केवळ पूर्व आणि पश्चिम यांची म्हणून सोडून देता येणार नाही. स्तानिस्लाव्स्कीलाही अंतःस्थ अभिनय ही हानी वाटली नव्हती. ती त्याच्या दृष्टीने साधना होती. मग एकच व्यापार रंगमंचावर सिद्धी आणि विमानात हानी का ठरावा?

पैशाचा संबंध आला म्हणून, असे उत्तर हॉकशिल्ड यांच्या ग्रंथावरून काढता येते. पण हे उत्तर पुरेसे नाही. नटालाही वेतन मिळते, आणि नाटक कंपन्या नफ्यासाठीच चालत आल्या आहेत. खरा भेद नाट्यसंकेताचा आहे. लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असा जो विवेक नाट्यशास्त्राने केला आहे, तो येथे उपयोगी पडतो. लोकव्यवहारात जसे घडते तसे दाखविणे ही लोकधर्मी रीत. रंगभूमीच्या संकेतांनी दाखविणे ही नाट्यधर्मी. परंतु लोकधर्मी रीतीने केलेले नाट्यदेखील नाट्यच असते, आणि ते नाट्य आहे हे प्रेक्षकाला व नटाला दोघांनाही ठाऊक असते. पडदा असतो, नेपथ्य असते, प्रयोगाला आरंभ आणि शेवट असतो. निवडपरीक्षेच्या दिवशी यांपैकी काहीच नसते. तेथे उमेदवाराने केलेला अभिनय हा अभिनय म्हणून पाहिला जातच नाही; तो त्याच्या स्वभावाचा पुरावा म्हणून पाहिला जातो. 'तुम्हाला माणसे आवडतात का?' या प्रश्नाला 'ती आवडल्याचे मला उत्तम दाखविता येते' असे उत्तर देणारा उमेदवार सत्य बोलला तरी त्याची निवड होणार नाही.

४

मराठीतील 'पात्र' हा शब्द या दृष्टीने मननीय आहे. पात्र म्हणजे भांडे; पात्र म्हणजे नाटकातील व्यक्ती; आणि पात्र म्हणजे योग्य, लायक. अभिनवगुप्ताने पहिल्या दोन अर्थांचा मेळ मोठ्या मार्मिकतेने घातला आहे. नटाला पात्र म्हणतात, कारण भांड्याला आपल्यातील पेयाची चव लागत नाही. आस्वाद घेणारा रसिक असतो. या विचाराने नटाचे एक प्रकारे रक्षणच केले आहे. रसाचे स्थान प्रेक्षकाच्या ठायी मानल्यामुळे नटाचे खाजगी मन मोकळे राहते. नटाने रिते असावे असा याचा अर्थ नव्हे. त्याने काय धारण केले आहे यावरून तो स्वतः काय आहे हे ठरवू नये, एवढाच त्याचा अर्थ.

निवडपरीक्षेत तिसऱ्या अर्थाने पहिले दोन अर्थ गिळून टाकले आहेत. येथे पात्रता ठरते ती भांडेच गोड आहे की नाही यावर. म्हणून उमेदवाराच्या हाती मोकळे असे काहीच राहत नाही. पुढे नोकरीत एखाद्या प्रवाशाने उद्धटपणा केला आणि हसू आले नाही, तर तो एका प्रयोगातील दोष न ठरता माणसातील दोष ठरतो. भरताच्या नटाचा एखादा प्रयोग फसला तर प्रयोग फसला. येथे प्रयोग फसला की स्वभाव खोटा ठरतो. हॉकशिल्ड यांनी वर्णिलेल्या परकेपणाचे मूळ भावना विकण्यात नसून, विद्या विकून ती स्वभाव म्हणून नोंदविली जाण्यात आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. विमानातील सेवा हे काही नाट्य नव्हे, तेथे माणसाच्या जिवाची जबाबदारी असते. तेव्हा स्वभावाची परीक्षा करणे गैर कसे? आक्षेप योग्य आहे आणि त्याचे उत्तर निवडपरीक्षेच्या घटकांतच शोधले पाहिजे. त्या दिवसाच्या चाचण्यांत ज्या गोष्टीचा सुरक्षिततेशी सरळ संबंध आहे, ती भावनेची नसून हाताची असते. एमिरेट्स ही कंपनी टाचा उंचावून २१२ सेंटिमीटरपर्यंत हात पोहोचावा अशी अट घालते. कारण आपत्तीच्या वेळी लागणारी साधने डोक्यावरच्या कप्प्यांत असतात. हे मोजमाप भिंतीवरच्या एका खुणेने होते आणि त्यात कोणाच्या स्वभावाचा न्याय होत नाही. मोठे प्रवासी विमान वापरात येण्यापूर्वी, निम्मी दारे बंद असताना ९० सेकंदांत ते रिकामे करता येते हे सिद्ध करावे लागते. ते रिकामे करविणे हे ज्यांचे काम, त्यांचे ते कसब पुढील प्रशिक्षणात घडते. निवडीच्या दिवसाचा बहुतेक वेळ मात्र प्रसन्नतेच्या परीक्षेत जातो.

या व्यवसायाचा इतिहासही हेच सांगतो. १९३० साली बोइंग एअर ट्रान्सपोर्टने एलेन चर्च आणि तिच्या सात सहकारिणींना विमानात नेमले, तेव्हा त्या परिचारिका होत्या. त्यांची पात्रता एका शिकलेल्या विद्येवर ठरली होती. पुढे महायुद्धात परिचारिकांची गरज इतरत्र लागली, ती अट गळाली, आणि मोकळ्या झालेल्या जागी रूप, वय आणि मनमिळाऊपणा यांनी ठाण मांडले. सेलिओ दियाझ या पुरुष उमेदवाराने पॅन अमेरिकनविरुद्ध चालविलेल्या खटल्यात, हवेत बंदिस्त असलेल्या प्रवाशांना मानसिक धीर देण्यास स्त्रीच अधिक योग्य, असे मत कंपनीच्या बाजूने एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञाने मांडले. अपील न्यायालयाने १९७१ साली ते अमान्य केले : विमान कंपनीचे मुख्य कार्य प्रवाशांना सुरक्षितपणे नेणे हे असून सुखद वातावरण ही आनुषंगिक बाब होय. हॉकशिल्ड यांच्या प्रसंगातील सहा उमेदवारांत तीन पुरुष दिसतात, त्यामागे हा निकाल आहे. मात्र पुरुषांना दार उघडल्यावरही आत परीक्षा राहिली ती त्या आनुषंगिक बाबीचीच, हे त्याच प्रसंगावरून दिसून येते.

५

विद्या आणि स्वभाव यांतील भेद केवळ तात्त्विक नाही. त्यावर माणसांच्या उपजीविका अवलंबून असतात. याचे ठळक उदाहरण भारतातच मिळते. एअर इंडियाच्या नियमांप्रमाणे हवाई सेविकेला वयाच्या ३५व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या ४ वर्षांत विवाह केल्यास तेव्हा, किंवा पहिल्या गर्भारपणी, यांपैकी जे आधी घडेल त्या वेळी निवृत्त व्हावे लागे. वयाची मुदत ४५पर्यंत वाढविणे हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर होते. त्याच विमानात काम करणारे सहायक फ्लाइट पर्सर हे पुरुष मात्र ५८व्या वर्षी निवृत्त होत. नर्गेश मिर्झा आणि इतर सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली निकाल दिला. गर्भारपणाची अट न्यायालयाने रद्द केली, आणि ती भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान असल्याचे म्हटले. संचालकाची निरंकुश मर्जीही रद्द ठरविली. विवाहाची अट मात्र कायम राखली. आणि पुरुषांशी असलेल्या विषमतेबद्दलची तक्रार फेटाळताना, हे दोन वर्ग भिन्न आहेत, त्यांची भरतीची रीत, अर्हता आणि सेवाशर्ती भिन्न आहेत, हे कारण दिले.

या कारणमीमांसेतील एक दुवा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. भरतीची रीत भिन्न होती, म्हणून वर्ग भिन्न ठरला; वर्ग भिन्न ठरला, म्हणून निवृत्तीचे वयही भिन्न असण्यास हरकत राहिली नाही. निवडीच्या दाराशी माणसाला ज्या नावाने आत घेतले, त्याच नावाने त्याला पुढे बाहेरही काढता आले. निवडपरीक्षा ही नोकरीची केवळ प्रस्तावना नसून त्या नोकरीची व्याख्या असते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसून येईल.

आणि त्या व्याख्येत काय गृहीत धरले होते हे ३५ या आकड्यावरून कळते. कंपनीने विद्या विकत घेतली असती तर ती वयाबरोबर वाढली असती. अनुभवी माणूस संतप्त प्रवाशाला अधिक कौशल्याने शांत करतो. नटाचा सात्त्विक अभिनय वयाबरोबर पिकतो. मराठी प्रेक्षकाने पन्नाशी उलटलेल्या बालगंधर्वांना नायिकेच्या भूमिकेत पाहिले, ते तारुण्यासाठी नव्हे. पण घेतलेली वस्तू जर स्वभावाचा टवटवीतपणा असेल, तर ती नाशवंत माल ठरते आणि तिला मुदत घालावी लागते. पुढील काळात या अटी मागे पडल्या, निवृत्तीचे वय वाढत गेले. ज्या गृहीतकातून त्या निघाल्या, ते गृहीतक मात्र निवडीच्या दिवसात अद्यापि शाबूत आहे.

६

शॅरन बोल्टन आणि कॅरॉल बॉइड यांनी २००३ सालच्या एका लेखात हॉकशिल्ड यांच्यावर असा आक्षेप घेतला की, विमानातील कर्मचारी हे कंपनीच्या हातातील बाहुले नसून कुशल भावव्यवस्थापक आहेत. ते केव्हा मनापासून वागायचे आणि केव्हा केवळ नियमापुरते, हे स्वतः ठरवितात. हा आक्षेप बराचसा ग्राह्य आहे. भरताच्या दृष्टीशी तो अधिक जुळतो. तथापि हे कौशल्य असूनही ते कौशल्य म्हणून मोजले का जात नाही, याचे पुरते उत्तर त्यानेही मिळत नाही. उत्तर निवडीच्या क्षणाशी आहे. जी गोष्ट आत येताना स्वभाव म्हणून नोंदविली गेली, तिचा पुढे अनुभव म्हणून हिशेब कोण ठेवणार?

विमानात निदान एक पडदा असतो. खाद्यपेये ठेवण्याच्या जागेपुढे तो ओढला की कर्मचारी क्षणभर नेपथ्यात जातात. चेहरा सैल सोडतात, एकमेकांशी चार शब्द बोलतात. हॉकशिल्ड यांच्या ग्रंथातही सहकाऱ्यांच्या या परस्पर आधाराची नोंद आहे. निवडीच्या दिवसाला तो एक पडदाही नसतो, हे त्याचे वैशिष्ट्य. म्हणून भावनिक श्रमाचे शुद्ध रूप पाहावयाचे तर ते विमानात नव्हे, त्या सभागृहात पाहावे लागेल. तेथे वेतन सुरू झालेले नसते, प्रवासी नसतो, विमानही नसते. श्रम मात्र पूर्ण असतात. आणि ते श्रम होते हे कबूल न करणे, हीच उत्तीर्ण होण्याची अट असते.

मराठीने या व्यवसायाला 'हवाई सुंदरी' असे नाव दिले. इंग्रजीतील मूळ शब्द यजमानीणपणा सुचवितो, म्हणजे निदान एक कर्म सुचवितो. मराठी शब्दाने तेही वगळून केवळ आहार्य तेवढे ठेवले. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर अपहरणकर्त्यांशी सामना करताना नीरजा भनोत यांनी प्राण दिले आणि मरणोत्तर अशोकचक्राच्या त्या मानकरी ठरल्या. त्यांच्या पदाचे नाव सीनियर फ्लाइट पर्सर असे होते. त्यांचा उल्लेख करतानाही पुष्कळदा तोच मराठी शब्द योजला जातो, यातील विसंगती विचार करण्याजोगी आहे. त्या दिवशी कामी आले ते रूप नव्हे आणि नैसर्गिक प्रसन्नताही नव्हे. भीती वाटत असताना मन एकाग्र ठेवणे हे होते, आणि भरताच्या परिभाषेत त्यालाच सत्त्व म्हणतात.

निवडपरीक्षा नाहीशी होणार नाही, आणि ती व्हावी असेही येथे सुचवावयाचे नाही. माणसांशी नीट वागता येणे ही विद्या आहे, व तिची परीक्षा घेता येते. मात्र ती विद्या म्हणूनच घेतली गेली, तर उमेदवाराला प्रयास लपवावे लागणार नाहीत. पहिल्या प्रयोगात उणे पडलेल्याला तालमीला वाव राहील. आणि वर्षे गेल्यावर त्या विद्येचे मोल घटण्याऐवजी वाढेल. नाट्यशास्त्राने नटाला पात्र म्हटले ते त्याला रिकामे भांडे लेखण्यासाठी नव्हे, हे ध्यानात घेतले असते तर हॉकशिल्ड यांच्या ग्रंथातील मौलिक निरीक्षणाला त्याला साजेसा सिद्धान्त लाभला असता.